जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत संगणक प्रशिक्षण देणाऱ्या ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी तो इथे देत आहोत. ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवावा.)



आजच्या विषयपत्रिकेवर बचत आहे, कर्जाची परतफेड आहे, गणपतीच्या ऑर्डरी आहेत. त्यात मध्येच "जुना कॉम्प्युटर" हा विषय बघून काही जणी हसल्यात, ते मी पाहिलं. पण आता चतुर्थीच्या आधीची साफसफाई सुरू होईल. माळा झाडला जाईल, पडवी रिकामी होईल. आणि त्याच आठवड्यात भंगारवाल्याचा टेम्पो दारात येईल. म्हणून हा विषय आजच घ्यायला मी अध्यक्षा ताईंना सांगितलं.

एक विचारते. घरात बंद पडलेला कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर, लॅपटॉप किंवा यूपीएस पडून आहे, त्यांनी हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत.

हे सगळं आपल्या घरात आलं कुठून?

२००१ साली एमएस-सीआयटी कोर्स सुरू झाला. नोकरीच्या अर्जाला ते सर्टिफिकेट लागायला लागलं, तसा पोरांच्या सरावासाठी घरोघरी कॉम्प्युटर आला. २०११ पासून ग्रामपंचायतींत संग्राम केंद्रं आली. मग २०२० साली करोनात शाळा बंद झाल्या, तेव्हा ऑनलाइन तासासाठी जुनेपाने लॅपटॉपसुद्धा कुणी कुणी घेतले. आणि एक रस्ता तर आपल्या कोकणाचाच. मुंबईतल्या खोलीत नवीन कॉम्प्युटर आला की जुना कुठे जातो? चाकरमानी गणपतीला येताना गाडीच्या डिकीत टाकून गावाला घेऊन येतो. "घरात असांदे, पोरांका उपयोगाक येतलो." मुंबईतली अडगळ अशी आपल्या माळ्यावर येते.

त्यात आपली हवा खारी. किनाऱ्यालगतच्या घरात लोखंडी पेटीला दोन पावसाळ्यांत गंज चढतो, आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर येतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, त्यानंतर कितीतरी दिवस लाइट नव्हती. त्या काळात यूपीएसच्या बॅटऱ्या ज्या बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

आणखी एक नवीन कारण. विंडोज १० साठीचा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही. म्हणजे चालता कॉम्प्युटरसुद्धा आता "जुना" म्हणून बाजूला पडणार. येत्या एक-दोन वर्षांत हा ढीग वाढणार आहे.

त्या डब्यात असतं काय?

आपण बाहेरून बघतो, तर प्लास्टिक आणि पत्रा. आत मात्र बरंच काही असतं. वायरीत तांबं असतं. (वायरी गावच्या ताईंनी रागवू नये, मी गावाबद्दल नाही, वायरींबद्दल बोलतेय.) हिरव्या पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, सोनं, चांदी, तांबं आणि कथील असतं. सोनं म्हटल्यावर सगळ्या सावध झाल्या! पण ते इतकं थोडं असतं की घरी काढायला जाणं म्हणजे चुलीत हात घालणं. मोठ्या कारखान्यात टनाने माल येतो, तिथेच ते परवडतं. जपानने टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या फोन-कॉम्प्युटरमधून काढलेल्या धातूंची बनवली. त्यासाठी दोन वर्षं देशभर गोळा केलं. जवळपास ७९ हजार टन माल आणि ६२ लाख मोबाइल जमले, त्यातून सोनं निघालं ३२ किलो. आता घरच्या एका कॉम्प्युटरातून किती निघेल, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

सोन्याबरोबर विषही असतं. जुना टीव्हीसारखा, पाठीमागे फुगीर असलेला जो मॉनिटर असतो, त्याच्या काचेत किलो-दोन किलो शिसं असू शकतं. सपाट पडद्याच्या जुन्या मॉनिटरमध्ये पाठीमागे बारीक ट्यूबलाइट असते, तिच्यात पारा असतो. यूपीएसच्या बॅटरीत शिसं आणि तेजाब. लॅपटॉपची बॅटरी लिथियमची, ती फुगली असेल आणि कुणी टोचली तर पेट घेते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते. ती लहान पोराने गिळली तर अन्ननळी भाजते. तेव्हा तशाच धावत दवाखाना गाठायचा.

डबा बंद आहे तोवर तो माळ्यावर काही करत नाही. फोडला, जाळला की त्रास सुरू होतो. तांबं मिळवायला पोरं वायर जाळतात, तो काळा धूर आपण पाहिला आहे. वायरीवरचं प्लास्टिक असं जळलं की डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात. शिशाने सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लहान मुलांच्या मेंदूचं आणि पोटातल्या बाळाचं.

आणि जे आपण व्हाळात किंवा खाडीच्या कडेला कांदळात नेऊन टाकतो, ते तिथे थांबत नाही. कालवं आणि तिसरे पाणी गाळून त्यातलं खाणं घेतात. पाण्यात शिसं-पारा असेल तर तोही त्यांच्या अंगात साठतो. आपल्यातल्या किती जणी ओहोटीला कालवं काढायला जातात? आपल्या किनाऱ्यावर महिलांचे समूह कालवं पाळतात, खेकडे पाळतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा समूह पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो. समुद्राचा भाग अभयारण्य म्हणून १९८७ साली जाहीर झाला, तोही आपल्याच मालवणात. ही खाडी घाण झाली तर आपल्यातल्या कितीतरी जणींची रोजीरोटी जाईल.

भंगारवाला वाईट नाही, पण...

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. भंगारवाल्याला मी नावं ठेवायला आलेली नाही. तो नसता तर आपले रस्ते पत्र्यांनी आणि बाटल्यांनी भरले असते. तो उन्हातान्हात फिरून पोट भरतो. प्रश्न आहे पुढचा. त्याच्याकडून मोठ्या भंगारवाल्याकडे, तिथून आणखी कुणाकडे, असं करत तो माल दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद अशा वस्त्यांपर्यंत जातो. तिथे उघड्यावर पट्ट्या जाळतात, तेजाबात बुडवून सोनं काढतात. हे काम बायका आणि मुलंही करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं की, जगात अशा असंघटित कचरा-कामात १ कोटी २९ लाख स्त्रिया आहेत. आपल्यासारख्याच बायका. आपल्या हातात दोनशे-तीनशे रुपये येतात, त्याची उरलेली किंमत त्यांच्या फुफ्फुसांतून वसूल होते.

जगात २०२२ साली असा ६ कोटी २० लाख टन कचरा झाला. त्यातला नीट गोळा होऊन प्रक्रिया झालेला, ज्याची नोंद आहे असा, साधारण २२ टक्केच. आपल्या देशात २०२१-२२ मध्ये सुमारे १६ लाख टन झाला, त्यातला तिसरा हिस्सा तेवढा रीतसर मार्गाने गेला.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगते. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात कॉम्प्युटरपासून मिक्सरपर्यंत १०६ वस्तू आहेत. जी कंपनी माल बनवते किंवा बाहेरून आणून विकते, तिनेच जुन्या मालाची जबाबदारी घ्यायची. २०२५-२६ आणि २०२६-२७ या वर्षांसाठी ठरलेल्या हिशेबाच्या ७० टक्के इतका माल पुनर्प्रक्रियेला गेला, याचा दाखला कंपनीला द्यावा लागतो. हा दाखला ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याकडून विकत घेते. म्हणजे कारखान्याला माल हवाच असतो, आणि आपल्याकडचा माल त्याच्या कामाचा आहे. हे कारखाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेले असतात आणि त्यांची यादी मंडळाच्या पोर्टलवर बघता येते. बॅटरीसाठी वेगळे नियम आहेत, तेही २०२२ चेच.

मग अडतं कुठे? आपल्या राज्यातले बरेचसे कारखाने मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात. मालवणपासून मुंबई जवळपास पाचशे किलोमीटर. तुमच्या एका मॉनिटरसाठी तिथून गाडी येणार नाही. यावरचा उपाय मी शेवटी सांगते. त्याआधी आणखी एक महत्त्वाचं, ज्यासाठी मी खास आले आहे.

आत आपली माहिती आहे

मागे आमच्या वर्गासाठी एका दुकानातून जुनी हार्डडिस्क घेतली होती. पोरांना शिकवायला म्हणून ती जोडली, एक साधा मोफत प्रोग्राम चालवला, तर पुसलेल्या फायली परत वर यायला लागल्या. कुणाच्या तरी घरचे लग्नाचे फोटो, आधार कार्डं, बँक पासबुकाचं पहिलं पान, जमिनीचा सातबारा. त्या माणसाने सगळं "डिलीट" केलेलंच होतं. पोरांसमोर ते पटकन बंद केलं आणि डिस्क पूर्ण पुसून टाकली. पण ती दुसऱ्या कुणाच्या हातात पडली असती तर?

डिलीट म्हणजे काय, हे वहीच्या भाषेत सांगते. वहीच्या सुरुवातीची अनुक्रमणिका फाडली, तरी आतली पानं तशीच राहतात. डिलीट केलं, रीसायकल बिन रिकामा केला, घाईचं फॉरमॅट केलं, की फक्त अनुक्रमणिका जाते. पानं खोडायला वेगळं काम करावं लागतं.

आता आपल्या ग्रामसंघांच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे, आठवून बघा. प्रत्येक सदस्याचं नाव, आधार, खाते क्रमांक, फोटो, सहीचा नमुना, कर्ज प्रस्ताव, कुणाची परतफेड थकली त्याची यादी. घरातला कॉम्प्युटर विकला तर माहिती आपल्या घरची जाते. समूहाचा कॉम्प्युटर तसाच विकला तर शे-दोनशे बायकांची माहिती जाते, आणि त्यातल्या एकीलाही कुणी विचारलेलं नसतं. तिच्या नावावर कुणी सिम घेतलं, कर्ज उचललं, तर फेऱ्या तिलाच माराव्या लागतील. ती माहिती तिने आपल्यावर विश्वास ठेवून दिली. तेव्हा या बाबतीत "असांदे" म्हणून चालणार नाही.

मग करायचं काय? पायरी पायरीने

पहिली पायरी. खरंच गेलाय का, बघा. हळू चालतो म्हणजे मेला असं नाही. रॅम वाढवून, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवून पाच-सहा वर्षांचं मशीन पुन्हा पळतं. विंडोज जमत नसेल तर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली घालता येते, हिशेब आणि टायपिंगला ती पुरते. केरळात सरकारी शाळांनी असल्याच मोफत प्रणालीवर पोरांना शिकवलं. आधी दुरुस्तीवाल्याला विचारा, खर्च किती, आणि मग ठरवा.

दुसरी पायरी. चालत असेल तर द्या. वाचनालय, शाळा, गरजू मुलगी. पण चालू करून दाखवून, वायरींसकट, आणि समोरच्याला हवा आहे का हे विचारून. बंद पडलेला कॉम्प्युटर शाळेला "दान" करू नका. आपल्या माळ्यावरची अडगळ शाळेच्या माळ्यावर, एवढंच होतं.

तिसरी पायरी. हवं ते काढून घ्या. फोटो, हिशेब, ऑडिटला लागणारी कागदपत्रं पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती उघडतात का, तपासा. ईमेल आणि बाकीच्या खात्यांतून लॉगआउट करा.

चौथी पायरी. पुसून टाका. विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमध्ये "रीसेट धिस पीसी", त्यात "रिमूव्ह एव्हरीथिंग", आणि पुढे "क्लीन डेटा" हा पर्याय चालू करायचा. याला काही तास लागतात, रात्रभर लावून ठेवा. मशीन सुरूच होत नसेल तर माहीतगाराकडून हार्डडिस्क काढून घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पुसून घ्या. तीही बिघडली असेल तर सुताराकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून ड्रिलने दोन-तीन भोकं आरपार पाडून घ्या. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण काही डिस्कच्या आत काच असते. भोकं पाडलेली डिस्कही कचऱ्यात नाही टाकायची, बाकीच्या मालाबरोबरच द्यायची.

पाचवी पायरी. वेगळं करा, पण फोडू नका. यूपीएसची बॅटरी बॅटरीच्या दुकानात परत द्या, जुन्या बॅटरीचे पैसे मिळतात. लॅपटॉपची बॅटरी सहज निघत असेल तर वेगळी ठेवा. फुगलेली असेल तर हात न लावता वेगळं, कोरड्या जागी ठेवून आधी सांगा. फुगीर मॉनिटर तर अजिबात उघडू नका. प्लग काढला तरी आत वीज साठलेली राहते, आणि काच फुटली तर आत ओढली जाऊन उडते.

एकटीचं काम नाही

आता तो पाचशे किलोमीटरचा उपाय. आपण बचत गट का केला? एकटीच्या दहा-वीस रुपयांना बँक विचारत नव्हती. दहा जणींचे एकत्र झाले, तेव्हा बँकेने खुर्ची दिली. इथेही तेच गणित आहे. एका मॉनिटरसाठी गाडी येत नाही. प्रभागातल्या सगळ्या ग्रामसंघांचा माल एका ठिकाणी, एका दिवशी जमला तर गाडी येण्यासारखं काही बोलता येतं. पुण्यात कचरावेचक बायकांची स्वतःची "स्वच्छ" ही सहकारी संस्था आहे, ती घराघरांतून असा माल गोळा करते. आणि लांब कशाला, वेंगुर्ला नगरपरिषदेने घरातच कचरा वेगळा करायची सवय लावली आणि जिथे डम्पिंगची घाण होती ती जागा लोक सहलीला येऊन बघायला लागले. आपल्याच जिल्ह्यात हे झालेलं आहे.

म्हणून माझी सभेला विनंती आहे, चार गोष्टींचा ठराव घ्यावा.

एक, प्रत्येक ग्रामसंघाने महिनाभरात यादी करावी: कुणाकडे काय आहे, चालतं की बंद, अंदाजे वजन.

दोन, गणपती झाल्यावर, पाऊस ओसरला की एक गोळा करायचा दिवस ठरवावा. माल छपराखाली, जमिनीपासून वर फळीवर ठेवावा. भिजला, तर आतलं पाण्याबरोबर अंगणात येतं.

तीन, कार्यालयाने निदान दोन नोंदणीकृत कारखान्यांशी बोलावं. नोंदणी क्रमांक मागावा, मंडळाच्या पोर्टलवर तपासावा. वाहतूक कुणाची, किलोला काय देणार, हे लेखी घ्यावं. माल गेल्यावर वजनाची पावती आणि प्रक्रियेचा दाखला घेऊन फाइलला लावावा.

चार, समूहाच्या मालकीचा कॉम्प्युटर असेल तर तो डेडस्टॉक रजिस्टरवर आहे. ठराव, निर्लेखन आणि माहिती पुसल्याची दोघींच्या सहीची नोंद झाल्याशिवाय तो दाराबाहेर जाऊ नये. पंचायतीने वापरायला दिलेला असेल तर तो आपला नाहीच, त्यांना लेखी कळवायचं.

सभेत ताईंनी विचारलेले प्रश्न

*भंगारवाला रोख देतो. कारखाना जास्त देईल काय?*
तसं वचन मी देणार नाही. एखादवेळी थोडे जास्त मिळतील, एखादवेळी वाहतुकीतच जातील. मी तर म्हणते, आलेले पैसे वाटून घेऊ नका, ग्रामसंघाच्या खात्यात जमा करा. पुढच्या वेळच्या गाडीभाड्याला उपयोगी पडतील.

*मोबाइल, रिमोट, मिक्सर, एलईडी बल्ब पण घेणार?*
वीज किंवा सेलवर चालणाऱ्या बहुतेक वस्तू याच नियमात येतात. पहिल्या वेळी कॉम्प्युटर, मोबाइल, चार्जर, वायरी एवढंच घेऊया. ट्यूब आणि सीएफएल बल्ब फुटतात, त्यात पारा असतो, त्यांचं कारखान्याशी बोलून नंतर ठरवू.

*मुंबईवाले यंदाही घेऊन येतील, त्यांका काय सांगायचा?*
फोन करून आत्ताच सांगा, गो. चालता असेल तर आणा, आनंदाने वापरू. बंद असेल तर तिथेच द्या, कारखाने त्यांच्या जवळ आहेत. गणपतीक येताना मोकळ्या हातान येवा म्हणावं, आणि जाताना आमच्या समूहाचं कोकम न्या.

*घरातल्या पुरुषांनी आधीच टेम्पोत टाकला तर?*
म्हणूनच आज घरी गेल्यावर पहिलं काम ते. यादी नंतर होईल. आधी घरात सांगा, की माळ्यावरचा कॉम्प्युटर कुणी विकायचा नाही, त्यात आपले कागद आहेत.

(सभेने चारही सूचना ठरावाने मंजूर केल्या. यादीचे कोरे नमुने सीआरपी ताईंकडे दिले आहेत. भरलेल्या याद्या पुढच्या मासिक सभेला सोबत आणाव्यात.)